मुंबईचे झेवियर्स आणि वनस्पतींचे दप्तर

परवा वैनगंगेच्या काठी वनस्पती न्याहाळत असता, आरमोरीतील बारावी विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थिनीने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाविषयी जी चौकशी केली, तिचे उत्तर अनेकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये स्थापिलेल्या या महाविद्यालयाचे दार सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांस खुले असून, २०१० मध्ये लाभलेल्या स्वायत्ततेमुळे अभ्यासक्रम आखण्याचा व परीक्षा घेण्याचा अखत्यार त्याच्याकडे आला. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची मिळते.

इतिहासप्रेमींसाठी फादर हेरास यांनी १९२६ मध्ये उभारलेली संशोधन संस्था तेथे आहे. परंतु माझे मन गुंतले ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाच्या वनस्पतिसंग्रहालयात. दाबून, वाळवून कागदावर चिकटविलेला प्रत्येक नमुना स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव यांसह तेथे जपलेला असतो. याच परंपरेतील फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले.

विद्यार्थिजीवनही समृद्ध आहे: ‘मल्हार’ हा महोत्सव, शास्त्रीय संगीताच्या मैफली, आणि समाजात प्रत्यक्ष सेवा करावयास लावणारा उपक्रम.

मोह, तेंदू, पळस यांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या मुलांना वनस्पतिशास्त्राचा पाया आधीच लाभलेला आहे, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. प्रवेशाचे नियम बदलत असल्याने ते महाविद्यालयाकडूनच पडताळून घ्यावेत. वनस्पतींविषयी वा अभ्यासाविषयी काही शंका असल्यास अवश्य विचारा.