ऐकणं शिकवतात कसं?

सर्जन होऊ पाहणारी मुलगी आधी टेबलाच्या कडेला उभी राहून बघते, मग चिमटा धरते, मग टाका घालते. तिच्या हातावर वरिष्ठांची नजर असतेच. मानसोपचाराच्या खोलीत ही सोय नाही. दार बंद, आत दोन माणसं, आणि जे काही घडतं ते त्यांच्या बोलण्यात आणि बोलता बोलता थांबण्यात. तिसऱ्यानं खुर्ची ओढून शेजारी बसायचं म्हटलं तरी समोरचा वेगळंच बोलू लागतो. मग ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे गेली तरी कशी? त्यासाठी गेल्या शंभरेक वर्षांत लोकांनी जे मार्ग काढले, ते वाचताना मी थक्क होतो.

पहिला मार्ग सापडला तो व्हिएन्नाच्या रस्त्यांवर. १९०९ साली माक्स आयटिंगॉन नावाचा तरुण डॉक्टर सिग्मंड फ्रॉइडकडे आला. आठवड्यातून दोनदा, रात्रीच्या जेवणानंतर, दोघं फिरायला निघत आणि चालता चालता फ्रॉइड त्याच्या स्वप्नांची उकल करत. शिकाऊ उपचारकाचं स्वतःचंच मन उलगडण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. कोच नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र तर नाहीच.

त्या फिरण्याचं नियमांत रूपांतर व्हायला अकरा वर्षं लागली. फेब्रुवारी १९२० मध्ये आयटिंगॉन आणि कार्ल अब्राहम यांनी बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचा दवाखाना उघडला. ज्याला जे परवडेल ते त्यानं द्यावं, नसेल तर देऊ नये, असा तिथला शिरस्ता होता. आयटिंगॉनच्या घरचा फरच्या कातड्यांचा व्यापार होता आणि खर्चाचा मोठा भाग त्यानंच उचलला. या दवाखान्याभोवती जे प्रशिक्षण उभं राहिलं, त्याची त्रिसूत्री आजही जगभर दिसते: ग्रंथांचा अभ्यास, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण, आणि या दोन्हींच्या आधी शिकणाऱ्यानं स्वतः रुग्णाच्या जागी जाणं. या तिसऱ्या अटीसाठी मूळ व्हिएन्नाच्या हान्स साक्स यांना मुद्दाम बोलावण्यात आलं. गंमत म्हणजे साक्स शिक्षणानं वकील होते. डॉक्टरांची मनं तपासायला वकील!

ही अट मला फार धीट वाटते. दंतवैद्य व्हायला आधी स्वतःचे दात उपटून घ्या, असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र म्हणतात, कारण इथे हत्यार म्हणजे उपचारक स्वतः. वडिलांविषयीचा त्याचा जुना राग त्यालाच ठाऊक नसेल, तर वडिलांवर चिडलेला रुग्ण समोर आला की तो नकळत त्याची बाजू घेईल किंवा नकळत त्याला गप्प करील. दोन्हींत ऐकणं राहूनच जाईल.

पण मग पहिल्याचं मन कुणी तपासलं? कुणीच नाही. फ्रॉइडनं स्वतःचं विश्लेषण स्वतःच केलं. आपल्याकडे कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, तीही दुसऱ्या कुणाच्या कोचावर न झोपता. फ्रॉइडशी त्यांचा संबंध होता तो पत्रांचा, आणि त्या पत्रांत बोस वेळ आली की फ्रॉइडशी मतभेदही मांडत. गुरुपरंपरेचा उगम शोधत गेलं की असा एखादा निगुरा भेटतोच.

बर्लिनच्या पद्धतीत एक मोठी फट होती. शिकाऊ उपचारक आपल्या मार्गदर्शकाला सांगणार काय? जे आठवेल ते. आणि आठवण ही आपल्या बाजूची साक्षीदार. ती फट बुजवली अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी. १९४० साली ते ओहायो स्टेट विद्यापीठात आले आणि उपचाराची संपूर्ण संभाषणं तबकड्यांवर मुद्रित करू लागले. एक तबकडी तीनेक मिनिटांत भरायची, म्हणून दोन यंत्रं आळीपाळीनं चालवावी लागत. पुढे विद्यार्थी आणि शिक्षक त्या यंत्राभोवती कोंडाळं करून बसत. जे ऐकू आलं ते लाजवणारं होतं. आपण ऐकत होतो असं ज्यांना मनापासून वाटत होतं, ते तबकडीवर सल्ले देत होते, वाक्यं तोडत होते, समोरच्याला हव्या त्या दिशेला ढकलत होते. नंतर लिहिलेल्या टिपणांशी मुद्रण ताडून पाहिलं, तेव्हा टिपणं खोटी नव्हती, पण बोलण्यातलं पुष्कळ काही त्यांतून गळलेलं होतं. १९४२ च्या पुस्तकात रॉजर्स यांनी ‘हर्बर्ट ब्रायन’ या टोपणनावाच्या माणसाच्या आठही बैठका शब्दशः छापल्या. बंद दारामागचं अख्खं संभाषण त्याआधी असं छापून आलं नव्हतं.

पुढची युक्ती फिलाडेल्फियातली. साल्वादोर मिनुचिन आणि जे हेली यांच्या बालमार्गदर्शन केंद्रात कुटुंबांवर उपचार चालत. एका बाजूनंच आरपार दिसणाऱ्या काचेमागे मार्गदर्शक बसायचा आणि खोलीत एक फोन असायचा. शिकाऊ उपचारक आईशीच बोलत राहिला, तर फोन वाजायचा: मुलाकडे वळा. कुटुंबाला हे आधीच सांगितलेलं असे. त्याच केंद्रानं वस्तीतल्या पदवी नसलेल्या माणसांनाही कुटुंबोपचारक म्हणून तयार केलं, हे मला त्या काचेपेक्षाही नवलाचं वाटतं.

मग १९६५ चा एक बोधपट आला. ग्लोरिया नावाची एकच स्त्री आणि तिच्याशी पाळीपाळीनं बोलणारे तीन दिग्गज: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो वर्गात पाहिला आहे. त्या तिघांपैकी एलिस महाराष्ट्रात रुजले, आणि तेही बोस-फ्रॉइड यांच्यासारखेच टपालातून. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाच्या बोलण्यात आली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

आता एक गैरसोयीची गोष्ट. १९७९ साली हान्स स्ट्रप आणि सुझन हॅडली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उदास, चिंताग्रस्त विद्यार्थ्यांपैकी काहींना अनुभवी मानसोपचारकांकडे पाठवलं आणि काहींना महाविद्यालयातल्या प्रेमळ, समजूतदार प्राध्यापकांकडे. सरासरी पाहता दोन्ही गटांत जवळपास सारखाच फरक पडला. २०१६ साली १७० उपचारक आणि त्यांचे साडेसहा हजारांवर रुग्ण यांची माहिती तपासली गेली. त्यात अनुभव वाढत गेला तसे परिणाम सरासरीनं सुधारले नव्हते, किंचित घसरलेच होते. रुग्णांनी उपचार अर्ध्यावर सोडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं होतं. माझ्या मते यातून प्रशिक्षण निरर्थक ठरत नाही. पहिल्या अभ्यासातले प्राध्यापक निवडूनच घेतलेले होते. आणि दुसरा अभ्यास एवढंच दाखवतो की बंद खोलीत एकट्यानं काढलेली वर्षं म्हणजे शिकणं नव्हे. तबकडी आणि काच यांचं काम नोकरी लागली म्हणून संपत नाही.

म्हणूनच काही देशांत तासांचा हिशेब इतका कडक. जर्मनीत २०२० च्या सुधारणेपूर्वी पदव्युत्तर पदवीनंतर ४,२०० तासांचं प्रशिक्षण लागे. त्यांतले ६०० तास प्रत्यक्ष उपचाराचे, १५० मार्गदर्शकासमोर आपलं काम मांडण्याचे आणि १२० तास स्वतःच्या मनात डोकावण्याचे.

आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याची जुनी वाट म्हणजे एम.ए. आणि त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्यता दिलेली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत विद्यार्थी ती वॉर्डात आणि ओपीडीत काढतात: रुग्णाची हकिगत घ्यायची, चाचण्या करायच्या, मग ज्येष्ठांसमोर केस मांडायची आणि उलटतपासणीला तोंड द्यायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येतही देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. स्वतःच्या मनात डोकावण्याचे तास मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हौसेवर आणि खिशावर सोडलेले असतात. ही उणीव छोटी नाही.

त्यामुळे तुम्ही किंवा घरातलं कुणी उपचारक शोधत असाल, तर भिंतीवरची पदवी आणि नोंदणी जरूर पाहा, पण आणखी एक प्रश्न न संकोचता विचारा: ‘तुम्ही तुमच्या केसेस कुणाशी बोलता? सुपरव्हिजन कुणाकडे घेता?’ चांगल्या उपचारकाला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. त्याच्याकडे उत्तर तयार असतं.