मधुमेहाचा भार

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ साली उत्पादन सुरू झाले. कायम कामगाराला मधुमेह जडल्यास कारखान्याच्या सेक्टर ९ मधील रुग्णालयात उपचार मिळतात. त्याच शहरातील भाजीविक्रेत्याला मात्र औषधे बहुधा स्वतःच्या कमाईतून घ्यावी लागतात. हा आजार सहसा पूर्ण बरा होत नाही. म्हणून खर्चही जन्मभर चालतो. तरी गोळ्यांचा खर्च थोडाच, खरा भार पुढेच असतो. पैसे वाचवण्यासाठी गोळ्या सोडल्या, तर वाढलेली रक्तशर्करा हळूहळू डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा दुबळ्या करते आणि रोजगार बुडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढील व्यक्तींची रक्तशर्करा विनामूल्य तपासतात.