मुलांना मेथी-कारलं का नको असतं?

डब्यातली पोळी संपते, मेथीची भाजी मात्र तशीच घरी परत येते. हा निव्वळ हट्ट नव्हे. निसर्गातल्या अनेक विषारी वनस्पती कडू असतात. म्हणूनच कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही आपल्या शरीरात आहेत. कडू घास आला, की मेंदू दारावरच्या राखणदारासारखा त्याला अडवतो. लहान मुलांचा राखणदार अधिकच सावध असतो.

तोच पाहुणा वारंवार आला आणि अपाय झाला नाही, की राखणदार वाट सोडतो. त्यासाठी एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते. घास चिमूटभर असला तरी चालतो. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ ही लालूच मात्र नको. त्यातून चॉकलेटची गोडी वाढते, भाजीची घटते.

सोबतही महत्त्वाची. नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या मित्रांसोबत बसवल्यावर मुलं स्वतःहून तीच भाजी निवडू लागतात, हे अमेरिकी संशोधक लिअन बर्च यांनी १९८० मध्ये दाखवलं. म्हणून शाळेतल्या पोषण आहाराच्या पंगतीत शिक्षकांनीही बसावं आणि पहिला घास भाजीचा घ्यावा.