बंदिस्त तंबूंतील झाडें आणि वाहती हवा

झाडास पाणी, प्रकाश आणि खत या तीन गोष्टी लागतात हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. चवथी गोष्ट, म्हणजे हवेची हालचाल, मोकळ्या अंगणांत कोणी हिशेबांत धरीत नाहीं. कारण तुळशीला वारा निसर्गच पुरवितो. परंतु शहरांत अंगणाची जागा आतां सदनिकेनें घेतली असून, कांहीं हौशी मंडळी खोलीच्या कोपऱ्यांत कापडी तंबू उभारून विजेच्या दिव्याखालीं टोमॅटो, मिरची, पुदिना, लेट्यूस यांची लागवड करूं लागली आहेत. तंबूच्या चकचकीत अस्तरामुळें प्रकाश वायां जात नाहीं, हें खरें. पण त्याबरोबर उष्णता आणि दमटपणाही आंत कोंडला जातो. बाहेर फुकट मिळणारा वारा येथें पंख्यांनीं निर्माण करावा लागतो; आणि पंखा किती मोठा यापेक्षां तो कोठें ठेविला आहे यावर रोपांचें आरोग्य पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

झाड हवेंत किती पाणी सोडतें, याचें मोजमाप इंग्लंडांतील धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनीं १७२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दिलें आहे. साडेतीन फूट उंचीचें सूर्यफुलाचें झाड कुंडीसह तोलून पाहतां, दिवसाच्या बारा तासांत तें सरासरीनें सव्वा पौंड पाणी हवेंत सोडतें असें त्यांस आढळलें. पुढें ह्याच हेल्स यांनीं जहाजें व तुरुंग यांतील कोंदट हवा बदलण्याचीं यंत्रें योजिलीं. झाडाचा श्वास आणि माणसाचा श्वास या दोहोंचीही त्यांस सारखीच काळजी होती.

स्थिर हवेंत प्रत्येक पानाभोंवतीं ओलसर हवेचा एक पातळ थर चिकटून राहतो. तो हलला नाहीं तर पानांतून वाफ सहज बाहेर पडत नाहीं, मुळांकडून पाणी व क्षार वर ओढले जात नाहींत, आणि पानाचें खाद्य असलेला कर्बवायुही पुरेसा पोंचत नाहीं. बाहेरच्या हवेंत ह्या वायूचें प्रमाण दहा हजार भागांत चार भागांहून किंचितच अधिक. बंद तंबूंतील झाडें तें प्रकाशांत झपाट्यानें कमी करतात. शिवाय ओल्या, निश्चल हवेंत बुरशी माजते. द्राक्षबागाईतदारांस परिचित असलेली भुरी पानांवर दिसूं लागते, आणि कोंवळीं रोपें बुंध्याशीं कुजून एका रात्रींत कोलमडतात.

येथें दोन निरनिराळीं कामें ओळखलीं पाहिजेत : तंबूंतील हवा बदलणें हें एक, आणि आंतील हवा फिरती ठेवणें हें दुसरें. तापलेली हवा वर चढते; म्हणून बाहेर फेंकणारा एक्झॉस्ट पंखा तंबूच्या माथ्याजवळ असावा, आणि ताजी हवा येण्याची वाट समोरच्या बाजूस अगदीं खालीं असावी. अशानें हवा तिरकस वर चढत साऱ्या झाडांमधून जाते. दोन्ही वाटा शेजारीं शेजारीं ठेविल्यास आलेली हवा आल्या पावलीं परत जाते. चार फूट लांब, चार फूट रुंद व साडेसहा फूट उंच तंबूंत १०४ घनफूट हवा मावते. ती मिनिटाला एकदां बदलावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. नळीचीं वळणें व गंध शोषणारी कोळशाची गाळणी यांनीं पंख्याचा जोर घटतो, यासाठीं १२५ ते १५० घनफुटांचा पंखा घ्यावा. तंबूच्या भिंती किंचित् आंत ओढल्या गेल्या तर योजना बरोबर आहे असें समजावें. फारच आंत आल्या तर येण्याची वाट अपुरी आहे.

दुसऱ्या कामासाठीं लहान पंखे लागतात. एक, दिवा व पानांचे शेंडे यांच्यामधील जागेंत आडवा वारा घालणारा. दुसरा, खालीं कुंड्यांच्या पातळीवर, पानांच्या सावलींत सांचणारा दमटपणा हलविणारा. दोन पंखे एकमेकांच्या तोंडासमोर ठेवूं नयेत. परातींतील पाणी एकाच दिशेनें फिरवावें तशी हवा फिरली पाहिजे. झोत थेट रोपावर न मारतां भिंतीवर तिरपा सोडावा, म्हणजे तो परतून सौम्य होतो. पानें थरथरावीं, पण फांद्या वांकूं नयेत, एवढाच वारा पुरे. अशा हलक्या झुळुकेनें देंठ आंखूड पण जाड व बळकट होतात. १९७३ सालीं मार्क जाफे या शास्त्रज्ञांनीं ह्या परिणामास शास्त्रीय नांव दिलें. उलट, सतत झोत बसणाऱ्या पानांच्या कडा सुकून तीं आंत वळतात. लेट्यूसच्या गड्ड्यांतील कोंवळ्या पानांच्या कडा करपणें हा मात्र वाऱ्याच्या अभावाचा दोष आहे. पाण्याबरोबर येणारा चुना तेथवर पोंचत नाहीं, म्हणून वरून खालीं हलका वारा घालावा.

दिवा मालवला म्हणजे पंखेही बंद करण्याची पुष्कळांची रीत असते. ती घातक आहे. रात्रीं हवा थंड होते, तिच्यांतील वाफ पानांवर दंवासारखी जमते, आणि बुरशीला हवी तीच घडी साधते. फिरत्या हवेचे पंखे अहोरात्र चालले पाहिजेत. पाणीही दिवा लागतांच घालावें, मालवण्यापूर्वीं नव्हे. मुंबई-कोंकणांत आषाढ-श्रावणांत खोलींतील हवाच ओलसर असते. ती आंत ओढून दमटपणा हटत नाहीं. तेथें रोपें विरळ ठेवावीं, आणि शक्य असल्यास खोलींत आर्द्रता शोषणारें यंत्र चालवावें.

व्यवस्था नीट आहे कीं नाहीं हें पाहण्यास महाग उपकरण नको. पेटती उदबत्ती कापडापासून दूर, राख पडणार नाहीं अशी धरून तंबूच्या कोपऱ्याकोपऱ्यांत न्यावी. जेथें धूर जागच्या जागीं घुटमळतो, तेथें हवा मेलेली आहे. रोग प्रथम तेथेंच शिरेल. त्या कोपऱ्याकडे पंख्याचें तोंड थोडें वळवावें. ज्या घरानें हा धूर महिन्यांतून एकदां पाहिला, त्या घरचीं रोपें कोंदट कोपऱ्यामुळें नासण्याचें भय पुष्कळच उणें होईल.