देवालय, हौद आणि चहा : एका प्रार्थनास्थळाचा भाषिक इतिहास

४.३.१ प्रास्ताविक

परभाषेतून आलेल्या शब्दांचा विचार आपण आतापर्यंत शब्दसंग्रहाच्या अंगाने केला. या उपघटकात एका वास्तूच्या आधारे तोच विचार समाजाच्या अंगाने करावयाचा आहे. परका शब्द स्वीकारणे आणि परका माणूस स्वीकारणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे येथे विशेषत्वाने लक्षात घ्यावे.

४.३.२ जुन्नरची पोढी

आपल्यापैकी जे जुन्नर वा आंबेगाव तालुक्यातील असतील त्यांनी शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी येथील लेणी पाहिली असतील. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील जुन्नरच्या शिलालेखांत काही दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवितात. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी, दान दिली. चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. लेखांची लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. परदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दात्याने इथल्या भाषेत आपले नाव कोरविले आणि त्याच्या दानाचे पाणी संघाच्या उपयोगी आले. ‘पोढी’ हा शब्द लेण्यांच्या वर्णनात आपण आजही वापरतो.

४.३.३ पुण्याचे पंचहौद

आता पुण्याकडे वळू. गुरुवार पेठेत पाच हौदांवरून ‘पंचहौद’ हे स्थलनाम रूढ झाले. ‘हौद’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि ‘पंच’ या संस्कृत शब्दाशी त्याचा समास झाला. या ठिकाणी इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाच्या मिशनने प्रार्थनास्थळ उभारले. ते १८८५ मध्ये पूर्ण झाले. उंच मनोरा आणि त्यातील आठ घंटा ही त्याची वैशिष्ट्ये होत. मिशनचे कार्य काउली येथील धर्मगुरू आणि वाँटेज येथील भगिनी चालवीत. याच भगिनींच्या साहाय्याने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

या वास्तूचे मराठी नाव ‘पवित्र नाम देवालय’ असे आहे. पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आलेला ‘इगर्जी’ हा शब्द गोव्यात व वसईत प्रचलित होता. इंग्रजी ‘चर्च’ही उपलब्ध होता. येथे मात्र ‘देव’ आणि ‘आलय’ यांचा परिचित समास वापरला गेला. मराठी बायबलमध्येही भाविकांच्या समुदायासाठी ‘मंडळी’ हा घरगुती शब्द योजलेला आढळतो.

अशी निकड केवळ पुण्यातच नव्हती. मोरेव्हियन पंथाच्या मिशनने लाहौलमधील केलांग येथे आणि १८८५ मध्ये लेह येथे ठाणे उभारले. त्या पंथाच्या येश्के यांनी बायबलच्या अनुवादासाठी तिबेटी भाषेचा सखोल अभ्यास केला. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

४.३.४ चहाचा पेला

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला केवळ हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली. प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ चालला. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणाने घरात काय घडले, हे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात वाचावयास मिळते.

येथील विसंगती ध्यानात घ्या. ‘देवालय’ हा शब्द मिशनने मराठीतून घेतला, त्यास कोणी हरकत घेतली नाही. ‘हौद’ तर परका असूनही केव्हाच आपला झाला होता. ‘चहा’ हा शब्दही मराठीत सहज वावरत होता. परंतु तोच चहा परधर्मीयाच्या हातून आला, तेव्हा पिणाऱ्याचे जातीतील स्थान धोक्यात आले. जुन्नरच्या यवनाची पोढी ज्या समाजाने स्वीकारली, त्याच प्रदेशात कित्येक शतकांनंतर हे घडले.

४.३.५ समारोप

शब्दाची व्युत्पत्ती तो कोठून आला हे सांगते. त्याबरोबर आलेल्या माणसाला कोठवर येऊ दिले, हे समाजाच्या इतिहासातूनच कळते. म्हणून स्थलनामाचा अभ्यास करताना कोशाबरोबर त्या स्थळाचा इतिहासही पाहावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पंचहौद’ या समासाची फोड करून त्यातील पदांचे मूळ सांगा.
२. ‘इगर्जी’, ‘चर्च’ आणि ‘देवालय’ या शब्दांच्या स्वीकारामागील भिन्न प्रवृत्ती स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील एखाद्या प्रार्थनास्थळाच्या वा पाणवठ्याच्या नावाची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून दहा ओळींत लिहा.