उन्हाच्या तडाख्याआड दडलेला रक्तस्राव

माजरी (ता. भद्रावती) : उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा 45 अंशांवर गेला, की खाणीच्या पाळीवरून उलट्या, ग्लानी व घसरलेला रक्तदाब घेऊन आलेल्या कामगाराला ऊन लागले, असेच गृहीत धरले जाते. बहुधा ते खरेही असते. मात्र सलाइन देऊनही रक्तदाब सावरत नसेल, बरगड्यांखाली वा पाठीत तीव्र कळा येत असतील आणि रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर अधिवृक्क ग्रंथींतील रक्तस्रावाची शंका घ्यायला हवी. विकार दुर्मीळ खरा. पण चुकला तर जिवावर बेततो.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्यांत रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या अनेक, बाहेर नेणारी मुख्य शीर मात्र एकच. गंभीर जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया वा अपघातानंतर ग्रंथींकडे रक्ताचा ओघ वाढतो, शिरेत कोंडी होते आणि रक्त आतच साचते. मेंदुज्वराच्या जंतूंमुळे होणाऱ्या अशा रक्तस्रावाला 1911 मध्ये वॉटरहाउस व 1918 मध्ये फ्रिडरिक्सन यांनी केलेल्या वर्णनांवरून त्यांचेच नाव मिळाले आहे.

दोन्ही ग्रंथींचा सुमारे 90 टक्के भाग निकामी झाला, की कॉर्टिसोल आटते. रक्तातील सोडियम व साखर उतरते, पोटॅशियम चढते. निदानाचा आधार सीटी स्कॅन. ताजे रक्त त्यात उजळ दिसते. पण स्कॅनसाठी माजरीहून चंद्रपूर वा नागपूर गाठेपर्यंत थांबणे धोक्याचे. कॉर्टिसोल तपासणीसाठी रक्त काढून ठेवावे आणि अहवालाची वाट न पाहता प्रौढास 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यावे, सोबत सलाइन व गरजेनुसार ग्लुकोज. इंजेक्शन महागडे नाही. प्रश्न ते वेळेवर सुचण्याचा आहे. पुढील 24 तासांत आणखी 200 मिलिग्रॅम दिले जाते.

वाचलेल्या अनेकांना हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या जन्मभर लागतात. ताप आल्यास डॉक्टरांच्या सूचनेनुसार हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवायची; उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन. गोळ्या मनानेच बंद करणे घातक.

एकाच ग्रंथीतील रक्तस्राव बहुधा देखरेखीनेच निवळतो. मात्र आत गाठ नाही ना, हे काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. अवघड बाळंतपणानंतर नवजात अर्भकांतही तो आढळतो. बाळाची कावीळ रेंगाळली किंवा पोटात गोळा लागला, तर सोनोग्राफी पुरते.