तिसऱ्या मजल्यावरच्या शुश्रूषेचा खर्च कोणी करायचा?

पुण्याच्या कोथरूडमध्ये मयूर कॉलनीपासून डहाणूकर कॉलनीपर्यंत अजूनही लिफ्ट नसलेल्या कितीतरी जुन्या तीनमजली सोसायट्या आहेत. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिथे हौसेने बिऱ्हाड थाटलेल्या जोडप्यांपैकी बऱ्याच घरांत आता एकच जण उरला आहे. खुब्याचे ऑपरेशन झाले की तो जिना परक्याचा होतो. मुले बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला. नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांची मावशी येते आणि तिच्या पगारासाठी बँकेतल्या ठेवी एकेक करून मोडल्या जातात.

सरकार म्हातारपणावर खर्चच करत नाही, असे नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला महिना 200 रुपये आणि ऐंशीनंतर 500 रुपये मिळतात. राज्याच्या श्रावणबाळ योजनेमुळे 2023 पासून ही रक्कम 1500 वर गेली. मात्र वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवे, म्हणजे महिना 1750. तिसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा इथेच बाद होतात. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. ही मोठी सोय आहे. पण ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. घरी आल्यावर कॅथेटर बदलायचा, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलून द्यायची, वॉकर धरून चार पावले चालवायचे, या रोजच्या कामांची सोय त्यात नाही.

आता महापालिकेकडे वळू. पेन्शनचे अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत जातात, कार्डाचा कारभार आरोग्य योजनेचा. दोन्हींत महापालिकेला फारसे स्थान नाही. तिचा स्वतःचा पैसा म्हणजे मुख्यतः मिळकतकर, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि जीएसटीची भरपाई. 2013 मध्ये पुण्यातली जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. 1 जुलै 2017 ला तोही गेला. त्या बदल्यात राज्याने कायदा करून 2016-17 चे उत्पन्न पाया धरले आणि दरवर्षी 8 टक्के वाढ देऊन भरपाई देण्याचे बंधन स्वतःवर घेतले. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी 70,051 कोटी रुपये स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला ठरवले, त्यातले 24,028 कोटी शहरी आरोग्य केंद्रांसाठी. दवाखाने त्यातून उभे राहतात. पण दवाखान्यापर्यंत पोचायला आधी जिना उतरावा लागतो.

1949 च्या महापालिका कायद्यात कलम 63 बंधनकारक कामे सांगते, कलम 66 ऐच्छिक. पाणी, रस्ते, कचरा टाळता येत नाहीत. घरपोच शुश्रूषा करा असे मात्र कुठेच बजावलेले नाही. नगरसेवकांच्या निधीतून कोथरूडला बाके मिळाली, विरंगुळा केंद्रे मिळाली. संध्याकाळी तिथे जमणाऱ्यांना त्यांचा खरा आधार आहे. पण हा आधार ज्यांचे पाय चालतात त्यांनाच. दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवण्याचा नियम झाला, तेव्हा त्यांच्यासाठी हक्काची तरतूद दिसू लागली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अंदाजपत्रकात तसे लेखाशीर्षच नाही, आणि माझ्या मते खरी अडचण पैशापेक्षा ही आहे.

ब्रिटनने 1990 च्या कायद्याने हे काम स्थानिक कौन्सिलांवर सोपवले. 1993 पासून गरजू माणसाला काय हवे ते तपासून ठरवणे हे कौन्सिलचे कर्तव्य झाले. पैसा कमी पडतो म्हणून तिथे आजही वाद होतात, पण दार कोणाचे ठोठावायचे हे ठाऊक असते. इतक्या लांब कशाला? केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दीर्घ आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे, धोरण आखले. तिथल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका आपल्या योजनानिधीतून परिचारिका नेमतात. ती पिशवी घेऊन घरोघर जाते. आपल्यापेक्षा कितीतरी लहान संस्था हे करतात.

कोथरूडमध्ये यात आणखी एक पेच आहे. डहाणूकर कॉलनीत दुसऱ्याच्या आईचे अंग पुसणारी मावशी रात्री आठला सुटून सुतारदऱ्याचा किंवा केळेवाडीचा चढ चढते. तिच्या घरीही म्हातारी आई असते, दिवसभर एकटी. श्रावणबाळचे दीड हजार त्या आईला मिळू शकतात. कूस बदलून देणारे माणूस त्यात येत नाही. एक घर निकषाबाहेर, दुसरे निकषात, आणि दोन्हींकडे दिवसाचे तास तसेच रिकामे.

महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, सूचना बहुतेक पदपथ, दिवे, बाके यांच्या असतात. कोथरूड-बावधन कार्यालयात यंदा मी देणार असलेल्या अर्जात एकच ओळ असेल : महापालिकेच्या सुतार दवाखान्यातून रोज घरोघर जाणाऱ्या दोन परिचारिका, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष.